चढावर झटके मारणारा पिकअप: मिसिंग शोधायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा सिलिंडरचा पेट्रोल पिकअप, दीड लाख किलोमीटरच्या पुढे चाललेला. रिकामा असला की सपाट रस्त्यावर सुरळीत. मागे माल भरला आणि चढ लागला की झटके मारतो, म्हणजे मिसिंग होतं (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही), चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. चढ संपला की पुन्हा शहाण्यासारखा. स्कॅनरवर पी ०३०० आणि पी ०३०३. सगळे प्लग नवीन घातले, तिसऱ्या सिलिंडरची, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल बदलली, काही फरक नाही. आता पेट्रोल फवारणारा इंजेक्टर बदलावा का?

नका बदलू. तो खराब असेलही, पण तसं म्हणायला तुमच्या हातात अजून काही पुरावा नाही. आणि नवीन प्लग घातलेत म्हणजे प्लगचा विषय संपला, असंही धरून चालू नका. त्याकडे पुढे येतो.

आधी तो दिवा. तो नुसता पेटून राहिला असता तर दोन दिवस गाडी चालवली तरी फारसं बिघडलं नसतं. पण लुकलुकतो, म्हणजे न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. आतली जाळी त्या उष्णतेनं वितळते, तुकडे होऊन अडकते, आणि मग एका मिसिंगची दोन दुखणी होतात. तेच पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्येही उतरतं. ऑइलची दांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास आला तर दुरुस्तीनंतर ऑइल बदलावंच लागेल. तोवर माल भरून चढ चढवू नका.

आता कोडबद्दल, कारण बहुतेक जण इथेच घसरतात. पी ०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये जळण नीट झालं नाही, एवढंच. का झालं नाही, हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, माहीत नसतं. त्याला ठिणगी दिसत नाही, सिलिंडरचं प्रेशर दिसत नाही. तो क्रँकच्या सेन्सरवरून क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचा, वेग बघत बसलेला असतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला एक ढकल मिळते. एखादी ढकल कमी पडली की तेवढ्या भागात क्रँक किंचित मंदावतो, आणि तेव्हा कोणाची पाळी होती हे पाहून ईसीयू त्या सिलिंडरच्या नावावर नोंद करतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांकडून उलटे हिसके क्रँकपर्यंत पोचले की तो फसतोही. पी ०३०० म्हणजे मिसिंग एकापेक्षा जास्त सिलिंडरमध्ये विखुरलंय, किंवा कोणाचं ते नक्की ठरवता आलं नाही.

तुम्ही कोड पुसले नसतील अशी आशा करतो. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: त्या क्षणी आरपीएम किती होते, लोड किती टक्के, इंजिनचं तापमान, गाडीचा वेग, फ्यूल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय ते). कोड पुसले की हेही जातं. गाडी हातात आली की मी पहिलं काम या पानाचा फोटो काढण्याचं करतो, बॉनेट त्यानंतर उघडतो. स्कॅनर चांगला असेल तर मोड सहामध्ये प्रत्येक सिलिंडरच्या मिसिंगची वेगळी मोजणी मिळते. तिथे तिसऱ्याचा आकडा मोठा आणि बाकीचे शून्याच्या आसपास असतील तर पी ०३०० कडे तूर्त दुर्लक्ष करा. सगळ्यांचेच आकडे फुगलेले असतील तर मात्र गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

मिसिंग कोणत्या वेळी होतं, हा प्रश्न मिसिंग कोणत्या सिलिंडरमध्ये होतं यापेक्षा जास्त कामाचा आहे. तुमच्या गाडीनं त्याचं उत्तर आधीच दिलंय: लोडवर. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जास्त उघडला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. स्लोवर, म्हणजे रेस न देता, दहा हजार व्होल्टच्या आसपास भागतं, तिथे चढावर वीस-पंचवीस हजार लागू शकतं. वाटेत कुठे कच्ची जागा असेल, बूटमध्ये (कॉइल आणि प्लग जोडणाऱ्या रबरी नळीत) चीर, प्लगच्या चिनीमातीला तडा, कॉइलच्या आत कमकुवत इन्सुलेशन, तर करंट प्लगच्या गॅपमधून उडी मारण्याऐवजी त्या सोप्या वाटेनं पळतो. म्हणून रिकामी गाडी ठणठणीत आणि भरलेली लंगडी.

हेच उलटं धरून काही गोष्टी यादीतून काढूनही टाकता येतात. व्हॅक्यूमचा फाटका पाइप किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटची गळती असती तर स्लोवर गुरगुर झाली असती आणि रेस दिल्यावर कमी झाली असती, कारण मॅनिफोल्डमध्ये ओढ सर्वांत जास्त स्लोवर असते. पूर्ण थ्रॉटलला आतला आणि बाहेरचा दाब जवळजवळ सारखाच, मग गळती असली काय नि नसली काय. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) थोडा उघडा अडकला तरी तो आधी स्लोवरच त्रास देतो. सकाळी थंड इंजिनवर दोन मिनिटं मिसिंग आणि मग ठीक, असं असतं तर मी हेड गॅस्केटमधून रात्रभरात झिरपलेलं कूलंट शोधलं असतं, किंवा डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन असेल तर इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन.

तर राहिलं काय? ठिणगी, वायरिंग, त्या सिलिंडरचं पेट्रोल आणि सिलिंडरचं अंगभूत प्रेशर, म्हणजे कंप्रेशन. याच क्रमानं जा. हा क्रम शक्यतेइतकाच कष्टांवरही बेतलेला आहे. जे पाच मिनिटांत तपासता येतं ते आधी.

अदलाबदलीची चाचणी करा, पण नीट. बरेच जण कॉइल, बूट आणि प्लग सगळंच एकदम दुसरीकडे नेतात. मिसिंग मागोमाग गेलं तरी त्यातल्या कोणामुळे ते कळत नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. तिसऱ्याची कॉइल बूटसकट पहिल्यावर न्या आणि पहिल्याची तिसऱ्यावर आणा. तिसऱ्याचा प्लग पाचव्यात घाला, पाचव्याचा तिसऱ्यात. इंजेक्टरला हात लावू नका. सिलिंडरचे नंबर मात्र तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधून खात्री करून घ्या. व्ही आकाराच्या इंजिनात कुठल्या बाजूला कोणते नंबर हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आणि चुकीच्या सिलिंडरवर तासन्‌तास घालवणारे लोक मी पाहिलेत. मग कोड पुसा, गाडीत निम्मा माल टाका आणि झटका येईपर्यंतच चढावर न्या. कोड पी ०३०१ झाला तर नवीन कॉइल किंवा तिचं बूट. पी ०३०५ झाला तर नवीन प्लग. पी ०३०३ वरच ठाण मांडून राहिला तर ठिणगीचे हे दोन्ही भाग सुटले.

नवीन भागावर संशय घ्यायचा? हो. प्लग काढताना-घालताना गोटी पाना जरासा तिरका झाला तरी पांढऱ्या चिनीमातीला केसाएवढा तडा जातो. तुमचा प्लग काढल्यावर भिंग घेऊन उजेडात फिरवून बघा. पांढऱ्या भागावर वरून खाली पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती करंट पळाल्याची खूण. नखानं खरवडून जात नाही, पुसूनही जात नाही. आणि बूटच्या आतल्या रबरावर नेमकी तिच्यासमोर तशीच दुसरी रेघ असते. म्हणून अशा वेळी नुसता प्लग बदलून उपयोग नाही. जुन्या बूटमधली रेघ नवीन प्लगलाही तीच वाट दाखवते, आणि महिन्याभरात पुन्हा तेच. प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) ऑइल साचलेलं असेल तर वरच्या कव्हरचं सील गेलंय, ते आधी करा. ऑइलमध्ये भिजलेलं बूट फुगतं आणि करंट धरत नाही.

कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर बरोबर आला म्हणून ती पास असं समजू नका. मीटर तिला बॅटरीच्या एक-दोन व्होल्टवर तपासतो आणि ती फसते गरम झाल्यावर, हजारो व्होल्टवर. ठिणगी तपासायची तर गॅप वाढवता येणारा टेस्टर लावा. कॉइल उपसून बॉडीजवळ धरून ठिणगी बघण्याची जुनी सवय सोडा. कॉइल जळते, कधी ईसीयूचा ड्रायव्हर जातो, आणि हाताला बसणारा झटका तर वेगळाच.

प्लग परत बसवतानाचं सांगून टाकतो. काढण्याआधी विहिरीत हवेचा फवारा मारा, नाहीतर कचरा थेट सिलिंडरमध्ये. इरिडियमच्या प्लगचा गॅप गोल नाण्यासारख्या गेजनं उचकटून वाढवू नका, बारीक टोक तुटतं. तारेचं गेज घाला आणि वाकवायचीच तर वरची पट्टी वाकवा. पहिले काही आटे रबरी नळीच्या तुकड्यानं फिरवा. आटा चुकला तर नळी घसरते, हेडचे आटे वाचतात. शेवटी टॉर्क रेंच, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. आट्यांना ग्रीस चोपडलं की तोच टॉर्क जास्त आवळतो, म्हणून आटे कोरडे ठेवा. डायइलेक्ट्रिक ग्रीस लावायचं ते फक्त बूटच्या आत, बोटभर.

ठिणगी सुटली की वायरिंग. इथे माझीच एक फजिती सांगतो, कारण लक्षणं तुमच्यासारखीच होती. एका भरलेल्या पिकअपचं एकाच सिलिंडरचं मिसिंग. मी कॉइल फिरवली, प्लग फिरवला, इंजेक्टरसुद्धा फिरवला. कोड जागचा हलेना. कंप्रेशन उत्तम. मीटर लावून कॉइलच्या वायरची कंटिन्यूइटी बघितली, सलग. दोन दिवस गेले. शेवटी शिकाऊ पोराला सीटवर बसवलं, चाकांना अडण्या लावल्या, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही दाबून गिअरमध्ये दोन-तीन सेकंदच हलकी रेस द्यायला सांगितलं आणि मी बाजूला उभं राहून बघत होतो. इंजिन माउंटिंगवर एका बाजूला कललं आणि मागच्या बाजूनं जाणारी वायरिंगची जुडी वीणेच्या तारेसारखी ताणली गेली. तिला धरून ठेवणारी क्लिप केव्हाचीच तुटलेली. इंजिन बंद करून ती एक वायर दोन बोटांत धरून हळूच ओढली, तर रबरबँडसारखी लांबली. आत तांबं तुटलेलं, बाहेरचं प्लास्टिक शाबूत! इंजिन सरळ असलं की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, लोडवर कललं की सुटायची.

तेव्हापासून वायर तपासताना मी मीटरवर भरवसा ठेवत नाही. एका तंतूवरही मीटर सलग दाखवतो. त्या वायरीतून टेस्ट बल्ब पेटवून बघा, आणि पेटलेला असताना जुडी हलवा. कॉइल आणि इंजेक्टरच्या कपलरमधल्या पिना सैल झाल्यात का तेही बघा. वारंवार टेस्टरची जाड सुई खुपसून त्या पसरतात. आणि हे ब्रेक दाबून रेस देण्याचं काम करताना गाडीच्या पुढे किंवा मागे कोणी उभं राहायचं नाही. पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरलं तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल भाजतं.

इंजेक्टरचा नंबर यानंतर. गाडी स्लोवर ठेवून एकेका इंजेक्टरचा कपलर काढा आणि आरपीएम किती पडतात ते लिहा. पाच सिलिंडर सारखे पडले आणि तिसरा कमी पडला तर तो स्लोवरही कमी काम करतोय, फक्त तुम्हाला जाणवत नाही. बहुतेक साध्या पोर्ट इंजेक्शनच्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स १२ ते १६ ओहम असतो. इथे मुख्य पाहायचं ते बाकीच्यांशी जुळतो का. रेझिस्टन्स जुळला तरी तोंड चिकटलेलं असू शकतं, म्हणून शेवटी इंजेक्टरचीही अदलाबदल करा आणि ओ-रिंग नवीन घाला. डायरेक्ट इंजेक्शन असेल तर हे घरी करू नका. तिथे पाइपात शंभर-दोनशे बारचं प्रेशर असतं.

एक सापळा इथेच दाखवून ठेवतो. ठिणगी न पडलेल्या सिलिंडरमधून पेट्रोल तर बाहेर येतंच, पण न वापरलेला ऑक्सिजनही येतो. ऑक्सिजन सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो. तो सांगतो मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी आहे, आणि ईसीयू त्या बाजूच्या सगळ्या सिलिंडरना पेट्रोल वाढवून देतो. स्कॅनरवर फ्यूल ट्रिम अधिक दिसतं आणि माणूस पेट्रोल कमी पडतंय म्हणून पंपाच्या मागे लागतो, बिघाड मात्र ठिणगीत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटून बाहेरची हवा आत ओढली जात असेल तरी हेच होतं. ओझं ओढणाऱ्या गाड्यांत असे तुटके बोल्ट खूप निघतात. थंड इंजिनवर टिक-टिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर थांबतो.

एवढं सगळं करून कोड तिसऱ्यावरच असेल तर कंप्रेशन. सगळे प्लग काढा, पेट्रोलचा फ्यूज काढा, कॉइलचे कपलर सोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज असू द्या, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्या. पेट्रोल इंजिनात १२० ते २०० पीएसआयच्या दरम्यान काहीही येऊ शकतं. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली गेला की दखल घ्या. तिसरा कमी आला तर चमचाभर इंजिन ऑइल त्यात सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंगा, ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. खात्रीसाठी लीकडाउन: पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आत हवेचं प्रेशर द्यायचं आणि कान लावायचा. थ्रॉटलमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. जुन्या लोकांची ही चाचणी अजूनही कुठल्याही स्कॅनरपेक्षा स्पष्ट बोलते.

कंप्रेशन चांगलं आणि तरीही मिसिंग? मग टॅपेट कव्हर उघडून व्हॉल्व्ह किती उघडतो ते बघा. कॅमचा एक उंचवटा झिजला किंवा व्हॉल्व्ह उचलणारा लिफ्टर बसला की कंप्रेशन कधी कधी बरोबर येतं, पण व्हॉल्व्ह पुरेसा उचलला जात नाही. कमी लोडवर काही सिलिंडर बंद ठेवणारी जी इंजिनं आहेत, त्यांच्या लिफ्टरवर मी तुलनेनं लवकर संशय घेतो.

आता ती वेगळी गोष्ट: मोड सहामध्ये सगळ्यांचेच आकडे फुगलेले असतील तर. मग सहा सिलिंडर एकदम कशावर अवलंबून आहेत ते शोधायचं. लोडवर हे झालं तर पहिलं नाव पेट्रोलच्या प्रेशरचं. गेज लावा, लांब होज बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज काचेवर बाहेरून टेपनं चिकटवा आणि चढावर जा. उभ्या गाडीवर प्रेशर बरोबर येणारा पंप भरलेल्या गाडीत चढावर ढासळताना डोळ्यांनी दिसतो. पंप बदलण्याआधी टाकीजवळच्या कपलरवर व्होल्टेज मोजा, पंप चालू असताना. पिकअपच्या चेसिसखाली चिखल-पाण्यात तो कपलर गंजतो, आणि बिचाऱ्या पंपाला दोन व्होल्ट कमी मिळत असतात. फिल्टर वेगळा असेल तर तोही.

दुसरं नाव एअर फ्लो सेन्सरचं. तेलकट एअर फिल्टरचं तेल त्याच्या तारेवर बसतं, हवा कमी मोजली जाते आणि लोडवर मिश्रण पातळ होतं. तिसरं, चोंदलेला कन्व्हर्टर. व्हॅक्यूम गेज लावून २५०० आरपीएमवर धरून ठेवा. काटा हळूहळू खाली उतरत गेला तर धूर बाहेर जायची वाट बंद होतेय. लुकलुकता दिवा घेऊन किती दिवस गाडी चालवलीत, हे यासाठीच विचारतो. टायमिंग चेन ताणली गेली असेल तर बहुधा पी ००१६ सारखा (क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा) कोड सोबत येतो.

तुमचा पिकअप पेट्रोल आहे, पण डिझेलवाले वाचत असतील तर दोन ओळी त्यांच्यासाठी. डिझेलला प्लगची ठिणगी नाही, तेव्हा संशय इंजेक्टर, डिझेलमध्ये शिरलेली हवा आणि कंप्रेशन यांवर. इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावून स्लोवर चालवा. ज्याची बाटली लवकर भरते तो इंजेक्टर आत गळतोय. पूर्वी पाइपाचा नट सैल करून कुठला सिलिंडर मेलाय ते बघायचे. कॉमन रेलवर ते अजिबात करू नका. हजार बारच्या वरचा फवारा कातडी भेदून आत शिरतो.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून दारातून गाडी बाहेर काढली म्हणजे काम झालं, असं नाही. ज्या लोडवर, ज्या तापमानाला फ्रीझ फ्रेम नोंदली गेली होती, तीच परिस्थिती पुन्हा आणा आणि मोड सहामध्ये तिसऱ्याचा आकडा शून्यावर राहतो का बघा. क्रँक सेन्सर किंवा ईसीयू बदलला असेल तर काही गाड्यांना स्कॅनरवरून क्रँकचं रीलर्न द्यावं लागतं, नाहीतर निरोगी इंजिनही मिसिंगचे कोड टाकत राहतं.

तुम्ही आता मला एवढंच कळवा: फ्रीझ फ्रेमचे आकडे, मोड सहाची सहाही सिलिंडरची मोजणी, आणि वर सांगितलेल्या अदलाबदलीनंतर आलेला कोड. एवढं कळलं की इंजेक्टर बदलायचा की वायर जोडायची हे सांगता येईल. आणि हो, नवीन कॉइल घातलीत तेव्हा जुनं बूटच तिच्यावर चढवलं होतं का, तेही आठवून ठेवा.